तीन दगड आणि चौथं माणूस

हैदराबाद
१८ सप्टेंबर २०२४

आक्का,

काल सकाळी मी तीन दगड शोधत फिरत होतो. हे वाचून तू हसशील. आधी पोटभर हसून घे आणि मग पुढं वाच.

धर्मशाळेच्या नळावर अंघोळ केली, सूर्याला हात जोडले आणि नाल्याच्या कडेनं निघालो. सारख्या उंचीचे तीन दगड पाहिजे होते. आपल्याकडं असे दगड चालताना पायाला लागतात. इथं जिकडंतिकडं सिमेंट. शेवटी एका पाडलेल्या घराच्या ढिगात सापडले. पिशवीत घातले आणि दोन बस बदलल्या. कंडक्टर बाई म्हणाली, "क्या जी, सोना भरके लाए क्या?" मी म्हणालो, "घर है." तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि पुढं गेली.

फोनवर तुझ्या कानात नुसतं घोंघावतं, म्हणून हे सगळं लिहून कळवतो. रात्रीच्या साक्षरता वर्गाला तू हट्टानं गेलीस, ते किती चांगलं झालं.

तर घराचं असं आहे. आपल्या लेकीची, योगिताची, नोकरी पक्की झाली. दवाखान्यात तिला सगळे सिस्टर म्हणतात. मी गेटवर उभा असलो आणि कुणी "सिस्टर" अशी हाक मारली की मीच वळून बघतो. पण हॉस्टेलची खोली तिला दसऱ्यापर्यंतच आहे. तिचं म्हणणं, तिच्या पगारात बसेल असं घर मिळालं तर मी आणि सुनितानं या वर्षी ट्रकात चढायचं नाही. नाही मिळालं, तर दसरा झाला की बजरंग मुकादमाचा ट्रक कर्नाटकात निघेल, आणि आम्ही दोघं पुन्हा कोयता घेऊन ऊस तोडायला. सुनिता तेलगावला माहेरी कापूस वेचतेय. रोज फोनवर विचारते, "घावलं का?" मी म्हणतो, "बघतोय."

आणि बघितली किती! एका घरात दार पूर्ण उघडत नव्हतं, कारण आत खाट होती. दुसऱ्या घरात सगळं छान होतं, पण मालक म्हणाला, चपला बाहेर काढायच्या नाहीत, आत न्यायच्या नाहीत. मग कुठं ठेवायच्या ते त्यालाच ठाऊक. तिसऱ्या ठिकाणचं भाडं ऐकून योगितानं माझा हात धरला आणि सरळ जिना उतरली.

परवा संध्याकाळी मात्र एक घर मनात भरलं. दवाखान्याच्या मागच्या वस्तीत, दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं चिंचोळी गॅलरी. रस्ता खराब आहे म्हणून भाडं कमी. मालकीण म्हणाली, "जो पहले आया उसका घर." पण आजपासून पितृपक्ष. पंधरवड्यात मी नव्या घराला हात कसा लावू? आणि ती बाई तोवर थांबेल का?

मग मला उसाच्या फडावरची रीत आठवली. आपण कुठंही उतरलो की पाचटाची कोपी बांधायच्या आधी बायामाणसं पळत जाऊन चुलीचे तीन दगड मांडतात. दगड मांडले की ती जागा त्या घराची. इतक्या वर्षांत कुणी कुणाचे दगड हलवलेले मी बघितले नाहीत, भांडणातसुद्धा नाही. म्हणून काल पितृपक्ष लागायच्या आत मी तिथं गेलो. रंगारी भिंती रंगवत होता, दार उघडं होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तीन दगड मांडले, हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं आणि आलो. आता मनाला शांत वाटतंय. जागा धरली आहे.

तुझा
उत्तरेश्वर


नेकनूर
२३ सप्टेंबर

उत्तरेश्वर,

तुजं पत्र पोष्टमननं शेळ्याच्या गोठ्यात आनून दिलं. तू हसून घे म्हनलास म्हनून हसले. लई हसले. शेळ्या दचकल्या.

आरं येड्या, त्यो काय फड हाय का? तितल्या बाईला काय ठावं चूल का मूल? ती म्हनंल, ह्यो कोन देवरशी येऊन गेला. फरशीवर हळदकुकू सांडून आलास आन् म्हनं मनाला शांत वाटतं. तुला ल्हानपनी बी असंच शांत वाटायचं. बैल दुसऱ्याच्या वावरात अन् तू झाडाखाली डोळे मिटून.

जिने किती हायेत ते लिवलं न्हाईस. मधी टेकायला जागा हाय का? पानी वर येतं का खालून आनावं लागतं? गॅलरीत ऊन कंच्या वक्ताला येतं? खिडकीतून काय दिसतं, रस्ता दिसतो का नुसती भिंत? आन् वस्तीत कुनी आपल्याकडचं हाय का? मला काय करायचंय म्हना. सहज इचारलं.

हितं समदं बरं हाय. बजरंग दोनदा येऊन गेला. म्हनला, "छबुआक्का, तुजा भाऊ येनार का न्हाई? मला कोयते मोजायचेत, जोड्या किती भरत्यात त्ये." मी म्हनलं, "मला ऐकू येत न्हाई." त्यो पुन्ना वरडून म्हनला. मी पुन्ना तेच म्हनलं. शेवटाला हात जोडून गेला बिचारा.

वस्तीवरचा भागवत आलता शेळ्या बघायला. नुस्तं बघायला. म्हनलं बघ बाबा, बघायला काय पैशे पडतेत.

माजे कपडे तसे लई न्हाईत. एका पिशवीत मावतेत. ट्रंक उगंच घेतलती, ती आता गोठ्यात ठेवली, तिच्यात सरकी ठिवते.

योगिताला म्हनावं, रातच्या डूटीला कान झाकून जात जा.

छबु


हैदराबाद
२९ सप्टेंबर

आक्का,

तू म्हणालीस तसंच झालं, आणि घर मिळालं! दोन्ही गोष्टी एकदमच सांगतो, म्हणजे तू मधली पानं सोडून शेवट बघणार नाहीस.

बुधवारी मी त्या गल्लीतून सहज चाललो होतो. दगड जागेवर आहेत ना, एवढंच बघायचं होतं. खाली रंगारी भेटला. मला बघून तो दोन पावलं मागंच सरकला. म्हणाला, "भैया, वो आप रखे थे? भागो यहाँ से. अम्मा बहुत गुस्से में है."

झालं असं, की माझ्या मागून दोन कुटुंबं घर बघायला आली. दोघांनी स्वयंपाकघरात ते हळदकुंकवाचे दगड बघितले आणि एका दमात जिना उतरली. करणी केलेलं घर कोण घेणार? तिसरं तर खालूनच परत गेलं, कारण तोवर सगळ्या गल्लीला बातमी कळली होती. म्हणजे जागा धरली गेली होती, पण भलत्याच रीतीनं. दगडांना हात लावायला रंगारीसुद्धा तयार नव्हता.

मला पळता आलं असतं. पण नाव त्या बाईच्या घराचं खराब झालं होतं आणि ते माझ्यामुळं. वर गेलो. मालकीण दारातच उभी होती.

"आप रखे? कायको रखे जी? हम आपका क्या बिगाड़े?"

मी सांगायला लागलो, ऊस, टोळी, कोपी, चूल. माझं हिंदी मध्येच संपतं, मग मी मराठी बोलतो, आणि ती तेलुगूत ओरडत होती. तेवढ्यात शेजारच्या त्यांच्या घरातून तिची आई आली. यादम्मा नाव. पांढरे केस, हातात काठी, वय ऐंशीच्या घरात. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. दगडांसमोर उभी राहिली. आणि आक्का, ती म्हातारी जी हसायला लागली! काठी भिंतीला टेकवली आणि खालीच बसली.

"पोय्यी! पोय्यी!" असं ती लेकीला म्हणाली. मालकीण माझ्याकडं वळली. मला म्हणाली, "अम्मा बोलती, ये तो चूल्हा है."

यादम्मा लहानपणी आईबापाबरोबर मातीकामाला गावोगाव फिरली. तळ्याचे बांध घालायचे, कालवे खोदायचे. जिथं काम तिथं तीन दगड, आणि तेच घर. तिनं हातानं जमिनीवर कोपी काढून दाखवली. मी पण दाखवली. मग तिनं माझा एक दगड उचलून थोडा पुढं सरकवला आणि खिडकीकडं बोट केलं. वारा तिकडून येतो. मी चुलीचं तोंड वाऱ्याकडं केलं होतं! सुनितानं बघितलं असतं तर आठवडाभर बोलली असती.

म्हातारीनं लेकीला काहीतरी सांगितलं. लेकीनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "अम्मा बोलती, इनकोच दो. और अब दूसरा आएगा भी कौन?" पंधरवडा संपेपर्यंत ती थांबणार आहे. घटस्थापनेला आपण कलश ठेवू. एकच अट घातली, की राहणारी माणसं तीनच. बोअरचं पाणी बेताचं आहे, मागच्या भाडेकरूनं पाहुण्यांची जत्रा भरवली होती. मी म्हणालो, "हो, तीनच. मी, बायको आणि लेक." योगिता ड्यूटीवर होती. तिला घर मिळालं एवढंच सांगितलं, तर गेटवर सगळ्यांसमोर तिनं मला मिठी मारली. वॉचमननं टाळ्या वाजवल्या.

तुझे प्रश्न वाचून कळलं, तुला सुनिताच्या गुडघ्यांची काळजी लागली आहे. जिना सोपा आहे, मधल्या मजल्यावर टेकायला कट्टा आहे. पाणी वर येतं. गॅलरीत सकाळचं ऊन. खिडकीतून एक कडुलिंब आणि त्याच्याखाली भाजीवाल्या बाया दिसतात. तिसऱ्या घरातले लोक नांदेडकडचे आहेत.

शेळ्या मात्र विकू नकोस. चारा कमी पडत असेल तर कळव, मी सोय करतो. तुझं बरं आहे, तुझं नेकनूर तुला सुटत नाही. बीडच्या दवाखान्यात एक रात्र ठेवलं तर पहाटे न सांगता एस्टीत बसून घरी आली होतीस. आम्ही सणाला येत जाऊ.

देवानं ऐकलं, आक्का.

तुझा
उत्तरेश्वर


नेकनूर
४ ऑक्टोबर

चि. उत्तरेश्वर,

पत्र मिळालं. घर मिळालं हे वाचून आनंद झाला. सुनिताला आणि योगिताला आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. घट बसवला. तरवडाची माळ केली. शेळ्या बऱ्या आहेत.

सणाला जमेल तसं यावं. तब्येतीची काळजी घेणे.

छबुबाई


नेकनूर, तुझाच ओटा
११ ऑक्टोबर

आक्का,

हे पत्र टपालात पडणार नाही. तू आत भाकरी थापते आहेस आणि मी बाहेर ओट्यावर बसून लिहितो आहे. आत्ताच तू दुसऱ्यांदा ओरडलीस, "न सांगता आलास, वर काय लिवत बसलास? हिशेब हाय का कुनाचा?" मी मान हलवली. जे विचारायचं आहे ते तुला ओरडूनच विचारावं लागेल, सगळी आळी गोळा होईल, आणि आळीसमोर तू हट्टानं "न्हाई" म्हणून बसशील. मी ओळखतो तुला. म्हणजे ओळखतो असं वाटत होतं.

तुझं ते चार ओळींचं पत्र मंगळवारी आलं. मला वाटलं, किती नीट लिहिलंय, चांगली सुधारणा आहे. योगिताला दवाखान्याबाहेरच्या चहाच्या बाकड्यावर वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं.

"पप्पा, ह्याच्यात एक बी शिवी न्हाई."

"मग चांगलंच हाय की."

"चांगलं? आत्यानं तुमाला चिरंजीव म्हनलंय! ती आजारी हाय न्हाईतर रुसली हाय. काय लिवलं व्हतं तुमी?"

मी सांगितलं. तीन माणसांची अट सांगितली तेव्हा तिचा चहा तसाच राहिला.

"तुमी दोघं दर साली सहा सहा महिने जायचे. मला गोवर आला तवा कोन बसलं व्हतं उशाला? बारावीच्या पेपरला बीडला कोन आलतं, दिवसभर उन्हात गेटवर? आन् घर झालं तर मान्सं तीन?"

"आगं, ती येनार हाय थोडीच? तिला नेकनूर सुटत न्हाई."

"इचारलं का तुमी?"

मग तिनं माझ्या खिशातलं तुझं आधीचं पत्र काढलं आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. जिने किती, टेकायला जागा आहे का, ऊन कधी येतं, आपल्याकडचं कुणी आहे का. शेळ्या बघायला भागवत. कपडे एका पिशवीत मावतात. वाचता वाचता माझा आवाज बारीक होत गेला. योगिता म्हणाली, "ह्ये कुनाच्या गुडघ्यासाठी इचारलंय, पप्पा? आईच्या?"

ट्रकाला पाठ करून उभी राहायचीस तू, दर वर्षी. आम्ही चढेपर्यंत शेळ्यांना हाका मारत बसायचीस. मला वाटायचं, आक्काला आपलं गाव आणि आपली जनावरं, बस. तुला निरोप घेता येत नाही, एवढंच ते होतं. दवाखान्यातून पळून आलीस तेसुद्धा योगिता घरी एकटी होती म्हणून, हे तिनंच मला परवा सांगितलं.

बुधवारी सकाळी मालकिणीकडं गेलो. तिथं अंगणात बायका बतकम्मा रचत होत्या. त्यांचा दसऱ्याचा सण, ताटात फुलांचा उंच मनोरा करतात आणि त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात. खाली सगळी तरवडाची पिवळी फुलं, आपल्या घटाला असतात तीच. यादम्मा मधोमध बसून सगळ्यांना चुका दाखवत होती.

मी मालकिणीला म्हणालो, "अम्मा, गलती हुई. हम तीन नहीं, चार हैं."

"तीन बोले थे ना?"

"बोला था. पर पहले से चार थे. मेरी बड़ी बहन है."

ती म्हणाली, पाणी नाही, चौथं माणूस जमणार नाही. मी घटस्थापनेला घेतलेली किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली. दुसरं घर मिळालं नसतं आणि दसरा तीन दिवसांवर. पण त्या घरात मला झोप लागली नसती. मी म्हणालो, "मग तीनसुद्धा नकोत."

यादम्मानं विचारलं, काय चाललंय. लेकीनं सांगितलं. म्हातारीनं माझ्याकडं बघून चार-पाच प्रश्न केले, मालकीण हिंदीत सांगत गेली. बहीण कितीची? अठ्ठावन्नची. दिवसभर घरात असते का? असते. तेलुगू येतं का? मी म्हणालो, नाही, आणि ऐकूही कमी येतं. यावर सगळ्या बायका हसल्या. यादम्मा मात्र लेकीकडं वळून तावातावानं बोलायला लागली, फुलं हातात तशीच. मालकीण आधी भांडली, मग ऐकत राहिली, मग किल्ली उचलून तिनं माझ्या हातात परत दिली.

"अम्मा बोलती, तू दुकान को जाती, मैं दिनभर दीवार से बात करती. मेरे हिस्से का पानी उसको दे."

तर तुझं पाणी ठरलं आहे, आक्का. तिला मराठी येत नाही, तुला ऐकू येत नाही. तुमचं छान जमेल.

आज पहाटे मांजरसुंब्याला उतरलो तर ढाब्यावर बजरंग, ट्रकवाल्यांबरोबर. म्हणाला, "बे उत्तऱ्या, तुझ्यासाठीच थांबलोय. तुमचा कोयता धरू ना?" मी म्हणालो, "आमचा न्हाई या साली." त्याला पटेना. "फ्लॅटात ऱ्हानार व्हय बे? वर गच्चीत ऊस लावशील का? पानी तरी येतं का तितं?" मी म्हणालो, "बेताचं येतं. वाटून घ्यायचं ठरलंय." तो हसला, शिवी दिली, आणि पोहे मागवले. पैसे मला देऊ दिले नाहीत. माणूस वाईट नाही.

येताना भागवतच्या वस्तीवर थांबलो. शेळ्या विकायच्या नाहीत. तो अर्ध्या वाट्यानं सांभाळेल, होतील त्या करडांत निम्मी तुझी. तुला बघाव्या वाटल्या की येत जाऊ. सुनिता उद्या तेलगावहून येते आहे. सोमवारी आपली गाडी.

तू तिसऱ्यांदा ओरडलीस. भाकरी गार होते आहे म्हणतेस. तेव्हा पुरे करतो, आणि हा कागद तुझ्या हातात देतो. तू न्हाई म्हणालीस तर मी तुला ओढून नेणार नाही. विचारायचं होतं ते फार उशिरा विचारतो आहे, न्हाई म्हणायचा तेवढा तुझा हक्क आहे. पण मालकिणीला आता पुन्हा जाऊन काही सांगायचं नाही. त्या घरात आपण चार माणसं आहोत, हे मी सांगून आलो आहे.

तुझा
उत्तरेश्वर